आठांतला एक आवाज

लिफ्टकाकांना बंद झाकण दिसलं की चैन पडत नसे. उभा जन्म लिफ्टदुरुस्तीत गेला, आणि निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही म्हणून घरातली घड्याळं, पंखे, शेजारणीचं शिवणयंत्र, जे सापडेल ते त्यांनी उघडून पाहिलं. बिघडलेलंच असायला हवं अशी अट नव्हती. "बिघडेपर्यंत थांबायचं कशाला?" असं ते विचारत, आणि काकू कपाळाला हात लावत. खोटं मात्र या माणसाला बोलता येत नसे. भाजी अळणी झाली तर चार पाहुण्यांसमोर "अळणी आहे" म्हणून मोकळे होणार. काकूंनी तीस वर्षं हे कौतुक सोसलं होतं.

अशा माणसाच्या पोटी व्हायोला वाजवणारी मुलगी आली. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगानं मोठी, आवाजानं घोगरी, आणि बऱ्याच थोरल्या बहिणींसारखीच, घरचं सगळं रेटून कुणाच्या नजरेत न येणारी. लेक शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात लागली तेव्हा काका हरखून गेले. पहिल्या कार्यक्रमाला कोट चढवून ते बाल्कनीत बसले आणि शेवटपर्यंत कान टवकारून ऐकत राहिले. व्हायोलिनं ऐकू आली, बासऱ्या ऐकू आल्या, ढोल तर थेट छातीतच वाजले. आठ व्हायोलांचे गज समोर खालीवर होताना दिसत होते, पण त्यांतून निघतंय काय, ते काही कळेना.

बाहेर आल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "तू ऐकू आली नाहीस."

लेक खळखळून हसली. "बाबा, तीच तर आमची हुशारी. आठ जणांनी मिळून एकच आवाज काढायचा. त्यातून मी एकटी ऐकू आले, तर समजा माझं चुकलं."

काकांना हे पटलं, पण पचलं नाही. वरच्या मजल्यावर उभं राहून तळघरातलं कुठलं चाक कुरकुरतंय ते सांगणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचा आवाज गर्दीतून निवडता येऊ नये, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी चंगच बांधला. ग्रंथालयातून पुस्तकं आणली. बेथोव्हेन बहिरा झाल्यावरही संगीत लिहीत होता हे वाचून ते चडफडले, "त्याला कानांशिवाय ऐकू आलं, आणि मी दोन कान घेऊन नुसता बसलोय." द्वोर्झाक नावाचा दुसरा एक संगीतकार तरुणपणी नाटकघरात स्वतः व्हायोला वाजवायचा आणि त्याला आगगाडीच्या इंजिनांचं वेड होतं, हे कळल्यावर तर तो त्यांना घरचाच वाटू लागला. हा माणूस आपल्या लोकांना विसरायचा नाही, व्हायोलासाठी त्यानं काहीतरी राखून ठेवलं असणार, अशी त्यांची खात्रीच झाली.

दर कार्यक्रमाला ते जागा बदलून बसत. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा तर मुद्दाम खांबामागे. संपलं की लेक विचारी, "मग, आले का ऐकू?" आणि काका नकारार्थी मान हलवत. लेकीला तो खेळ वाटे. काकांना मात्र खरंच ऐकायचं होतं. उजव्या कानानं अलीकडे दगा द्यायला सुरुवात केली होती, डाव्याचाही फार भरवसा नव्हता, आणि हे त्यांनी फक्त काकूंच्या कानावर घातलं होतं.

अशाच एका रविवारी दुपारी द्वोर्झाकचंच संगीत होतं, आणि चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोराड व्हायोलिन, वाजवायला मोठी नावाजलेली पाहुणी आलेली. पाहुणी कडक, तालमीत भल्याभल्यांची भंबेरी उडवणारी. लेक आठवडाभर घरात धड जेवली नव्हती.

कार्यक्रम छान चालला होता. एका जागी चेलोचा सूर हळूहळू विरत गेला, पाहुणीनं गज उचलला आणि हवेतच धरला. वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात वर थांबला होता. सभागृहात कुणी कूससुद्धा बदलत नव्हतं. आणि त्या शांततेत एक सूर आला. एकच, घोगरा, वेळेच्या आधी.

काकांनी पाहिलं, सात गज थांबलेले आणि एक सरकलेला. पाहुणीनं मान किंचित वळवली. पुढच्या रांगेत कुणीतरी चुकचुकलं. मग सगळेच वाजवू लागले आणि तो सूर त्यात बुडून गेला. लेकीचा चेहरा मात्र बाल्कनीतून दिसावा इतका लाल झाला होता.

"सापडली," काका पुटपुटले. काकूंनी त्यांचा हात घट्ट दाबला. पोरीची भर सभेत फजिती झाली आणि आपल्याला आनंदाचं भरतं आलंय, याची काकांना मनापासून लाज वाटली. पण आनंद काही मागे हटेना.

कलाकारांच्या दारातून लेक बाहेर आली ती व्हायोलाची पेटी खांद्याला लावून, सुजलेल्या डोळ्यांनी. नेहमीचा प्रश्न तिनं विचारला नाही. तिघं बसथांब्याकडे चालू लागली. आलीस, आज ऐकू आलीस, हे शब्द काकांच्या अगदी जिभेच्या टोकावर होते. किती वर्षं त्यांनी ते जपून ठेवले होते.

थांब्यावर लेकीनं जमिनीकडे बघत विचारलं, "बाबा, ऐकू आलं ना तुम्हाला?"

"काय?"

"मी आधी घुसले ते. सगळ्यांसमोर."

काकांनी बस येतेय का ते वाकून पाहिलं. "कधी?" ते म्हणाले. "मला तर तू आजही नाही आलीस ऐकू."

जन्मातलं पहिलंच खोटं, त्यामुळे फारच कच्चं निघालं. लेक निरखून बघू लागली. काकू मदतीला धावल्या, "त्यांना काय विचारतेस? पेंगत होते मघाशी."

काकांनी हा आळ निमूटपणे पत्करला. लेकीला रडता रडता हसू फुटलं. "काय हो बाबा. एवढी मोठी कलावंत आली आणि तुम्ही झोपलात?"

"वय झालं आता," काका म्हणाले.

बसमध्ये लेक पुढच्या बाकावर बसली आणि तिनं खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. काकूंनी काकांच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं. त्यांनाही मघापासून राहवत नव्हतं.

"अहो, मी तुमच्याच तोंडाकडे बघत राहिले, माझं लक्षच नव्हतं. खरं सांगा, कसा होता तिचा आवाज?"

काकांनी पुढच्या बाकावरच्या लेकीकडे पाहिलं.

"जाडसर," ते म्हणाले. "सकाळी उठल्या उठल्या मला हाक मारते ना, तसा."