राखणदार हलला तो दिवस

ह्यांच्या बायपासची तारीख ठरली त्याच आठवड्यात माझ्याकडे चारकोपचं काम आलं. ते काम नसतं आलं तर कदाचित मी हे लिहायलाही बसले नसते, कारण तोवर माझ्या श्रद्धेला कोणी प्रश्न विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता.

मी पालिकेत दुय्यम अभियंता आहे. पावसाळी गटारं, त्यांची चेंबरं, नाल्यांची तोंडं, हे माझं रोजचं काम. घरी मात्र मला देवभोळीच म्हणायला हवं. पूजा झाल्याशिवाय चहा घेत नाही, सोमवार धरते, पर्समध्ये गावच्या देवळातला अंगारा असतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत या दोन गोष्टी एकमेकींच्या आड कधी आल्या नव्हत्या. देव घरात आणि गटार रस्त्यात. त्या आठवड्यात देव गटारावर निघाला.

चारकोपच्या त्या सेक्टरात रस्त्याच्या कडेला राखणदाराची घुमटी होती. राखणदार म्हणजे वाडीची, वाटेची राखण करणारा देव. गिरण्या बंद पडल्यावर इकडे राहायला आलेल्या कोकणातल्या लोकांनी गावाकडून एक दगड आणून तिथे मांडला होता. आधी नुसता दगडच होता म्हणतात. मग कट्टा आला, टाइल्स आल्या, स्टीलची जाळी, रंगीत दिवे आणि शेवटी शुभेच्छुकांच्या फोटोंचा फलक. कट्टा बांधला गेला तो नेमका गटाराच्या चेंबरवर. चेंबर उघडता येईना, आत गाळ साचत गेला आणि पाऊस जोराचा झाला की शेजारच्या सोसायटीच्या तळमजल्यावर घाण पाणी शिरू लागलं. घुमटी हलवून चेंबर उघडायचं, असा निर्णय झाला. तो अमलात आणायचा होता मला.

पाहणीला गेले तेव्हा तळमजल्यावरच्या तावडेकाकूंनी मला घरात बोलावून भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली. कमरेइतकी उंच होती. मी विचारलं, "म्हणजे घुमटी हलवायला तुमची हरकत नाही ना?" त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पाणी शिरतं ते माझ्याच घरात, आणि तिथे रोज दिवा लावते तीही मीच. आता तुम्हाला हो सांगू की नको सांगू? माझं मलाच कळत नाही बाई." मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण तक्रारीच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. पण मला त्यांच्या जागी मीच दिसले.

बाहेर घुमटीच्या मंडळाचा अध्यक्ष दीपक परब उभा होता. पोरगेलासाच, पण आवाज मोठा. "मॅडम, तुम्ही आपल्याच ना? मग आपल्याच देवाला हात लावणार? आणि बाकीच्यांची रस्त्यात आहेत ती दिसत नाहीत का कोणाला?" मी म्हटलं, माझ्याकडे हे काम आहे, मी याचंच सांगू शकते. तो जरा जवळ येऊन म्हणाला, "एक लक्षात ठेवा. राखणदार कडक आहे. मागे एकाने जाळीला लाथ मारलेली, त्याच्या घरी काय झालं ते विचारा कोणालाही."

मी कोणालाही विचारलं नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. हे सोफ्यावर बसून फळं कापत होते, मला पाहून हसले, आणि मी नजर वळवली. अभियंता म्हणून मला ठाऊक होतं की दगड हलवल्याने कोणाच्या हृदयाच्या नळ्या बंद होत नाहीत. तरी मी देवापुढे बसले आणि चोरट्यासारखं म्हटलं, हे काम दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जाऊ दे. दुसऱ्या कोणाच्या तरी! त्या कोणाच्या घरी आजारी माणूस असेल का, हे मनातही आलं नाही.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर सुजाता बसते. आम्ही एकाच वेळी नोकरीला लागलो. ती घाटकोपरला वडिलांबरोबर राहते. घर बौद्ध, मूळचं सोलापूरकडचं. मी तिलाच म्हटलं, "तू जाशील का गं माझ्याऐवजी? तुला काही वाटायचं नाही."

"मला काही वाटायचं नाही, पण त्यांना वाटेल ना," ती म्हणाली. "म्हणतील, हिला काय त्याचं. मी गेले तर अजून वाट लागेल यार. तुझा देव आहे, तूच जा. मी येते सोबत. मागे उभी राहते."

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा घुमटीभोवती पन्नासेक माणसं बसली होती. घोषणा चालल्या होत्या. पोलीस एका बाजूला, जेसीबी दुसऱ्या बाजूला, आणि जेसीबीवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काहीतरी समजावायला गेले, माझा आवाज कोणालाच ऐकू गेला नाही. तेवढ्यात ह्यांचा फोन आला, हॉस्पिटलने उद्या तपासण्यांना बोलावलंय म्हणून. मी फोन ठेवला आणि मला अक्षरशः सुचेनासं झालं. जेसीबी पुढे घ्या म्हणायला जीभ वळत नव्हती आणि परत चला म्हणायला तावडेकाकूंची भिंत आड येत होती. मी मनात त्या दगडालाच म्हटलं, "तूच सांग आता. मला काहीच कळत नाही."

गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. पांढरा सदरा, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून माठाची जुडी डोकावत होती. "कसलो रे ह्यो गलको?" त्यांनी विचारलं. परबने तावातावाने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, घुमटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमी सगळे बोलतास. देवाक कोणी इचारलास काय?"

त्यांनी नारळ मागितला. तावडेकाकू लगबगीने घरात जाऊन घेऊन आल्या. म्हाताऱ्याने चपला काढल्या, पिशवी सुजाताच्या हातात दिली, नारळ दगडापुढे ठेवला आणि हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. कोकणात देवाशी असंच बोलतात. एकाने सगळ्यांच्या वतीने उघड सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"बा राखणदारा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आवाज आपसूक उठला. आत्ताच घोषणा देणारेच होते ते.

"तू आमच्याबरोबर गावासून इलस. आमका जागा नव्हती तेवा तुकाय जागा नव्हती. गावली थय बसलस रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आता तुझ्या पायाखाली पाणी अडला हा, ता पोराबाळांच्या घरात शिरता हा. तू राखणदार. राखणदार वाट राखता, वाट अडवणा नाय. जरा बाजूक सरान बस रे म्हाराजा!"

इथे क्षणभर सगळं थांबलं. परबचे ओठ मिटलेले होते. मग मागून एका बाईचा आवाज आला, "होय म्हाराजा," आणि त्यामागे सगळ्यांचा. परबचाही.

"ह्या चेडू सरकारी कामाक इला हा. हेच्या हातसून काय चुकला-माकला तर पदरात घे. हेच्या घरादारात काय इडापीडा असात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी म्हणू शकले नाही, कारण मी रडत होते. तिथे कोणालाही ह्यांच्या आजाराचं ठाऊक नव्हतं. अर्थात, घरादाराची इडापीडा दूर कर, हे प्रत्येक गाऱ्हाण्यात असतंच. लहानपणापासून ऐकलेलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची सांगड कशी घालायची, ते मला अजून जमलेलं नाही.

"उचल रे झिला," म्हातारे परबला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तूय हात लाव गे." परब, तावडेकाकू आणि मी, तिघांनी दगड उचलला. सोसायटीच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली जागा होती, तिथे नेऊन ठेवला. जेसीबीने कट्टा काढला, चेंबर उघडलं, आणि आतला काळा गाळ पाहून घोषणा देणारी मुलंच नाकाला रुमाल लावून मदतीला आली. या गडबडीत म्हाताऱ्यांनी सुजाताकडून पिशवी कधी घेतली आणि ते कधी गेले ते कळलं नाही. नंतर मी विचारलं. मंडळवाल्यांना वाटलं होतं ते सोसायटीतले, आणि सोसायटीवाल्यांना वाटलं होतं ते मंडळाचे. चारकोपात अशी म्हातारी माणसं पुष्कळ आहेत. भाजी घेऊन घरी गेले असतील. मी त्याहून अधिक काही म्हणत नाही.

परतताना रिक्षात मी सुजाताला म्हटलं, "देव धावून आला गं." ती बाहेर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आला ना. मलाही भरून आलं, खोटं नाही सांगत. पण एक विचारू? तो म्हातारा उलटं बोलला असता तर? देव हलायला नको म्हणतो, असं म्हणाला असता, आणि सगळे होय म्हाराजा म्हणाले असते, तर तू काय केलं असतंस?"

ती पुढे म्हणाली, "आणि त्या सोसायटीत सगळी घरं तुमच्याच देवाला मानणारी आहेत का? आवारात ठेवताना त्यांना विचारलं कोणी?" मीच विचारलं नव्हतं. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्या वस्तीतल्या विहाराची पायरी रस्त्यात येत होती. मी शाळेत होते. एक दिवस सकाळी मशीन आलं आणि पायरी गेली. बाबा एकटेच उभे होते समोर. पायरी चुकीच्या जागी होती, मान्य आहे. पण गाऱ्हाणं घालायला कोणी आलं नाही गं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी जी कृपा इतकी स्वच्छ वाटली होती, ती आता गढूळ झाली होती. माझ्यासाठी आला तो तिच्या वडिलांसाठी का आला नाही? की आमची माणसं जास्त होती म्हणून आला? मी देवाचा शब्द ऐकला की गर्दीचा? आणि सरकारी काम गाऱ्हाण्याने झालं हे बरं झालं की वाईट? काम तर झालं होतं. कोणाला काठी लागली नव्हती. तरीही.

ह्यांचं ऑपरेशन झालं त्या दिवशी सुजाता रजा टाकून माझ्या शेजारी बसली. मी माळ आणली होती, पण जप पुढे सरकेना. दरवेळी म्हणायचं असे, ह्यांना बरं कर. त्या दिवशी समोरच्या बाकावर एक मुसलमान बाई डोळे मिटून काही पुटपुटत होती, पलीकडे एक मुलगा नखं खात बसला होता, आणि मला वाटलं, यांच्याआधी माझं ऐक असं कोणत्या तोंडाने म्हणू? सुजाताने विचारलं, "जप नाही करत आहेस?" मी म्हटलं, "काय मागायचं तेच कळत नाहीये." ती म्हणाली, "मग नको मागूस. नुसती बस. मी पण बसते." आम्ही दोघी नुसत्या बसलो. इतकी वर्षं पूजा केली, पण देवापुढे काहीही न मागता मी पहिल्यांदा बसले ती हॉस्पिटलच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. संध्याकाळी डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळं नीट झाल्याचं सांगितलं. आधी मी सुजाताचा हात धरला, मग वर पाहिलं.

हे हिंडू-फिरू लागल्यावर मी घाटकोपरला तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांना भेटायचं आहे, एवढंच सांगितलं होतं. बाबा बारीक चणीचे, कान जरा मंद झालेले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांनी आधी ह्यांची चौकशी केली, पथ्यपाणी विचारलं. चहा झाल्यावर मी त्या पायरीचा विषय काढला. ते हसले. "सुजीनं सांगितलं वाटतं. जुनी गोष्ट हाय ती ताई. रस्ता झाला, चांगला झाला. आता तिथनं रिक्षा थेट दारापर्यंत येते."

मी म्हटलं, "बाबा, माझ्या वेळी सगळं सुरळीत झालं, आणि तुमच्या वेळी तसं झालं नाही. मला ते सोसवत नाही."

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमी असता सायेब म्हणून, तर काय केलं असतं? पायरी ठेवली असती?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलवेना. "काढावीच लागली असती."

"मग?"

"आधी तुम्हाला विचारलं असतं."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले की चष्मा, ते मला नीट दिसलं नाही. "तेवढंच हवं होतं ताई," ते म्हणाले. "मीच काढून दिली असती माझ्या हातानं."

माझे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. रस्त्यात देव असावा की नसावा, याचं उत्तर कोणी विचारलं तर मी आजही अडखळते. तावडेकाकूंच्या घरात यंदा पाणी शिरलं नाही, आणि आंब्याखाली पुन्हा टाइल्स लागायला लागल्या आहेत म्हणतात. पण शरण जाणं म्हणजे देव आपल्या बाजूचा आहे अशी खात्री असणं, असं मला वाटत असे. ते आता वाटत नाही. तो कोणाच्या बाजूचा आहे हे मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसतानाच मी रोज सकाळी हात जोडते. भाजीची पिशवी घेऊन आलेल्या त्या म्हाताऱ्याचे माझ्यावर उपकार आहेत, आणि बाबांचेही. निघताना मी बाबांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला अर्ध्यातच धरलं, म्हणाले, "पाया नका पडू. बसा अजून जरा." आणि मी बसले.