तुणतुण्याचं बारसं

बदली होऊन कळंबच्या शाळेत आले, त्याच दिवशी शेजारच्या म्हादूआबांनी मला ओसरीवर बसवून तुणतुणं ऐकवलं. लाकडी नळकांडं, तळाला कातडं, बाजूच्या काठीला ताणलेली एकच तार. "ऐका बाई, काय म्हनतंय? तुण, तुण! ह्याचं बारसं कुनी केलंच न्हाई. ह्यानं सोताच नाव सांगितलं." हे ऐकवल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत. दूधवाला तर गाडीवरूनच "तुण तुण, कळलं आबा!" असं ओरडून सटकायचा.

आबा गोंधळी. एके काळी घाटघरपासून मंचरपर्यंत त्यांना बोलावणी यायची. मग संबळ वाजवणारे थोरले भाऊ गेले, पाठोपाठ बायकोही गेली. "संबळ बोलतं, हे नुसता हुंकार देतं. बोलनारंच न्हाई ऱ्हायलं, तर हुंकार कुनाला द्यायचा?" असं म्हणत एकटेच वाजवत बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

मुलगा विलास चाकणला कंपनीत. आबा तुणतुणं मांडीवर घेऊनच त्याला रोज फोन करत आणि रोज एकच विचारत, "कवा येतूस?" एकदा माझ्यासमोरच तो वैतागला, "आबा, रोज तेच तुणतुणं लावू नका राव!"

आबांनी फोन ठेवला आणि तुणतुणं फडक्यात गुंडाळायला घेतलं. "पोराला आवाज सोसत न्हाई. फोनात लई वाजत आसंल."

कपाळ माझं! "अहो आबा, वाद्य नव्हे हो. माणूस सारखं तेच बोलत राहिलं, की तसं म्हणतात."

"मी काय तेच बोललो?"

विचारता विचारताच त्यांना कळलं. तोंड एवढंसं झालं. फडकं सोडून त्यांनी तारेवरून बोट फिरवलं. "मंग बोललो मी, अन् नावं ह्याला का ठिवता?"

त्यानंतरही फोन रोज व्हायचा. "बरं हाय. तुमी खुशाल ऱ्हावा," एवढंच बोलायचे. विलासला चांगलं झापायचं माझ्या मनात होतं, पण आबांनी गळ्याची शपथ घातली.

गेल्या माघात आबा झोपेतच गेले. विलास आला. ओसरीवर डोकं धरून बसला होता, मी चहा नेऊन दिला.

"बाई," तो म्हणाला, "आधी सारखे बोलवायचे. मागनं एकदाबी न्हाई. मला वाटलं, आबांना आता एकट्याला करमतंय."