ती मूळव्याध नव्हती

रक्त पहिल्यांदा मला दिसलं ते धुण्यात. आमच्या ह्यांचा डेअरीवर घालायचा पांढरा पायजमा होता, त्याला मागं डाग पडला होता, सुकून तपकिरी झालेला. विचारलं तर म्हणाले, "उष्णता झालीय. दोन दिवस ताक पिलं की जातंय." मी तो डाग घासून काढला आणि गप्प बसले. पुढं आठ महिने मी तसले डाग घासत होते. नंतर मी पुष्कळ घाण पाहिली, हातांनी काढली. पण त्या आठ महिन्यांच्या गप्प बसण्याची जेवढी किळस येते तेवढी तिची येत नाही.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. गाव आमचं कळंबच्या बाजूचं, बसफाट्यापासून आत. हे गावच्या दूध सोसायटीत नोकरीला होते. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला यायचे. हे ते मापून घ्यायचे, बाटलीत नमुना काढून फॅट किती ते बघायचे, कॅन भरून गाडीत चढवायचे. काम साधंच. पण आम्ही बौद्ध. माझ्या सासूला याच गावात विहिरीपासून लांब उभं राहून कुणी घागरीत पाणी ओततं का, याची वाट बघावी लागलेली. तिच्या मुलाच्या हातून आता साऱ्या गावाचं दूध जायचं. नोकरी लागली तेव्हा चार-पाच घरांनी महिनाभर दूधच घातलं नाही. पण म्हशी काही त्यासाठी थांबत नाहीत. दूध नासायला लागलं, तसे आले मुकाट्यानं. ह्यांनी त्यावर कधी शब्द काढला नाही. फक्त दूध घ्यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, साबण लावून, सगळ्यांना दिसेल असे.

असा माणूस. त्याला रोज मागून रक्त जातंय हे कुणाला सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मलाही धड सांगत नव्हते. दिवसातून सात-आठ वेळा परसाकडला जायचे आणि परत आले की तोंड कसनुसं करून बसायचे. पोट साफ झालंच नाही, असं सारखं वाटायचं. अंगातले कपडे ढिले पडायला लागले.

शेवटी कुणीतरी तालुक्याच्या गावातल्या एका वैद्याचं नाव सांगितलं. वैद्य म्हणजे त्यानं स्वतःच स्वतःला म्हणवून घेतलेला. एका गाळ्यात बसायचा. बाहेर पाटी, 'मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन, खात्रीशीर.' आत फळीवर काचेच्या बरण्या, बरण्यांत पिवळट पाणी, पाण्यात मांसाचे तुकडे. "पेशंटचे कोंब हायेत," तो अभिमानानं सांगायचा. बाकड्यावर एक मेणकापड अंथरलेलं, आधीच्या माणसाचं ओलं तसंच. त्यावर ह्यांना कुशीवर निजवायचा, कसलासा जळजळीत लेप लावायचा, दोरा बांधायचा. हात एकाच टॉवेलला पुसायचा आणि त्याच हातानं पान तोंडात घालायचा. मी पडद्याच्या अलीकडं उभी असायचे. आतून ह्यांचा आवाज यायचा, दात आवळून धरलेला.

दर खेपेला तो कापसावर एक तुकडा आणून दाखवायचा. "हे बघा बाई, मुळासकट काढलाय."

तिसऱ्या खेपेला मी नीट बघितलं. कोंबडी साफ करताना पोटातली दाणे दळणारी जाड पिशवी निघते, तिला आतून पिवळी सुरकुतलेली साल असते. त्या तुकड्याला ती साल होती. जन्मभर मी कोंबड्या साफ केलेल्या. माझा डोळा कसा चुकेल?

बसमध्ये मी ह्यांना हळूच सांगितलं. ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "तू डॉक्टर हायेस का? त्यानं शंभर माणसं बरी केलीत." मला कळत होतं की त्यांना पटलंय. पण पटलं असं कबूल केलं तर मग दुखणं काय, हा प्रश्न उरत होता. तो त्यांना नको होता. खरं सांगायचं तर मलाही नको होता. आम्ही आणखी चार वेळा त्या गाळ्यात गेलो.

मग एक दिवस डेअरीवर कॅन उचलताना हे खाली बसले ते उठेचनात. सोलापूरला नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर होता, माझ्या भावाच्या वयाचा. त्यानं रबरी हातमोजा चढवला, ह्यांना कुशीवर निजवलं, आत बोट घालून तपासलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. हातमोजा काढता काढता त्यानं मला विचारलं, "आठ महिन्यांत कुणी असं तपासलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"ही मूळव्याध नाही. गाठ आहे. बोटाला लागतेय." पुढं तुकडा काढून तपासायला पाठवला, पण त्याच्या तोंडाकडं बघूनच मी समजले.

एवढंच होतं ते. एक बोट, एक मिनिट. त्या वैद्यानं एवढ्या वेळा बाहेरून जाळलं, पण आत बोट घातलं नाही. आणि ह्यांनी तरी कुणाला घालू दिलं असतं का? लाजेपायी माणूस मरायला तयार होतो. त्या लाजेचाही मला तेवढाच तिटकारा आला.

सोलापुरातून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं ऑपरेशन झालं. खालची वाट कायमची शिवून टाकली आणि आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला काढलं. डॉक्टरांनी आधी समजावून सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. पण पट्टी निघाली तेव्हा ते समोर दिसलं. लाल, ओलं, जिवंत. जरा जरा हलत होतं. मी बघत असतानाच त्यातून घाण बाहेर आली. मी तिथंच कॉटच्या पायाशी ओकले.

हे माझ्याकडं बघत होते. ते डोळे मी अजून विसरले नाही.

वॉर्डातली सिस्टर केरळची होती, मोडकंतोडकं हिंदी बोलायची. तिनं मला दंडाला धरून बाहेर नेलं. ती म्हणाली ते मराठीत असं होतं, "त्यांच्यासमोर ओकायचं नाही. इथं ओका, तोंड धुवा, मग आत या आणि शिका. हे काम तुम्हालाच करायचंय." मी तोंड धुतलं आणि आत गेले.

त्या वॉर्डात मी दोन महिने काढले. किती प्रकारचा वास असतो माणसाला, ते मला तिथं कळलं. शेजारच्या कॉटवर आसामकडचा एक माणूस होता, त्याच्या अन्ननळीत गाठ. पाण्याचा घोटसुद्धा खाली उतरत नव्हता. पोटाला भोक पाडून नळीतून दूध ओतायचे आणि तो ओठ चाटत बघत राहायचा. पलीकडं गुजरातचा एक आजोबा, जठराचा आजार, जेवलेलं काळं होऊन उलटून पडायचं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातून आलेला एक उंच माणूस होता, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट घागरीएवढं फुगलेलं. दर चार दिवसांनी सुई टोचून त्याच्या पोटातलं पाणी बादलीत काढायचे. त्याचं यकृत गेलं होतं. त्याची बायको आणि मी एकाच मोरीवर बादल्या धुवायचो. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. नाकावर कापड कसं धरायचं ते मात्र दोघींना सारखंच येत होतं.

एकदा मोठे डॉक्टर शिकाऊ मुलांना घेऊन आले. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी मलाही थांबवून घेतलं. म्हणाले, "बाई, तोंडापासून खालपर्यंत ही एकच नळी. अन्ननळी, जठर, लहान आतडं, मोठं आतडं. बाजूला यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड. कॅन्सर यातल्या कुठंही होतो, आणि देश बदलला की जागा बदलते. कुठं जठराचे जास्त, कुठं अन्ननळीचे, कुठं मोठ्या आतड्याचे. आफ्रिकेत आणि चीनकडं यकृताचे फार, तिथं काविळीचा एक प्रकार आहे आणि बुरशी लागलेलं धान्य आहे. तंबाखू, दारू सगळीकडंच. पण सगळीकडं सारखी असते ती एक गोष्ट. माणसं उशिरा येतात."

"का येतात?" मी विचारलं.

"पोटाच्या दुखण्याला लोक आधी अपचन म्हणतात. खालच्या दुखण्याला मूळव्याध. आणि बोलायला लाजतात."

मला आमच्या गावात ऐकलेलं आठवलं. लोक म्हणत होते, बहात्तरच्या दुष्काळात हे खडी फोडायला गेले तेव्हा रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, तिनंच आतडं खराब केलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मिलो तर अख्ख्या जिल्ह्यानं खाल्ली. दर वेळी कारण सापडतंच असं नाही, बाई." ते उत्तर मला आवडलं नाही. कुणावर तरी खापर फोडायला मला हवं होतं.

निघताना सिस्टरनं मला शिकवलं. नळी लावून पोटावरच्या त्या तोंडातून कोमट पाणी आत सोडायचं आणि आतडं धुऊन काढायचं. रोज सकाळी एकदा केलं की दिवसभर फारसं काही येत नाही. वर कापडाची घडी आणि पिशवी पट्ट्यानं बांधायची. पहिल्या दिवशी मी श्वास कोंडून केलं. पंधराव्या दिवशी दुसरीच्या मुलांच्या वह्यांचा विचार करत केलं. किळस गेली नाही, पण ती कामाच्या आड येईनाशी झाली.

गावी आलो तर पुन्हा दुष्काळ. विहिरी कोरड्या. टँकर एक दिवसाआड. पिण्याच्या पाण्यातून मी रोज सकाळी आतडं धुवायला दोन तांबे बाजूला काढायचे. टँकरपाशी एक बाई माझ्या घागरीकडं बोट करून दुसरीला म्हणाली, "तिला मागं राहू द्या. ते धुवायच्या हातानं पाईप धरतीया." मागं राहण्याची जागा मला नवी नव्हती. पण यावेळी कुणी जात काढली नव्हती. त्यांना आता घाणीचं कारण सापडलं होतं, आणि ते बोलून दाखवण्यात काही गैर नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं.

तीन महिन्यांनी हे डेअरीवर हजर झाले. सदऱ्याखाली पट्टा घट्ट बांधलेला, कोपरापर्यंत हात धुतलेले. पाचव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. मी चहाचं विचारलं तर "आत्ताच झालाय" म्हणाले.

"तुमच्याबद्दल आमाला काय न्हाय," ते ह्यांना म्हणाले, "पण लोक बोलत्यात. खाण्यापिण्याची वस्तू हाय. पोटाला ती पिशवी आन् त्याच हातानं दूध... तुमीच समजून घ्या. पेंडीच्या गोडाऊनला बसा. नोकरी हाय तशी ऱ्हाईल."

हे नुसतं "बरं" म्हणाले.

माझ्यानं राहवलं नाही. "सेक्रेटरीसाहेब, ह्यांच्या पिशवीत जे आहे तेच तुमच्याही पोटात आहे. आणि हे रोज धुतात. दूध घालायला येणारे कितीजण परसाकडला जाऊन हात न धुता धारा काढतात, ते मोजलंय का कधी?"

सेक्रेटरींनी तोंड वाकडं केलं. "बाई, तुमी शिकलेल्या. असलं बोलणं शोभत न्हाय तुमाला."

ते गेल्यावर हे माझ्यावरच चिडले. "गावासमोर पिशवी-पिशवी कशाला करतेस?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग गोडाऊनला जायला लागले. तिथं ढेपेच्या पोत्यांत बसायचे, कुणी म्हशीसाठी पेंड न्यायला आलं की मापून द्यायचे. तिथंसुद्धा आधी हात धुवायचे. बघायला कुणी नसलं तरी.

वर्ष गेलं असेल. एका दुपारी सेक्रेटरी पुन्हा आले. या वेळी उंबऱ्याच्या आत आले, दार स्वतःच लोटून घेतलं. मी पाणी दिलं, ते प्यायले. मग मान खाली घालून ह्यांना म्हणाले, "मला बी रगत पडतंय. दीड महिना झाला. कुणाला सांगू नका."

मला वाटलं, आता ह्यांनी बोलावं. एवढे दिवस पोटात ठेवलेलं सगळं बोलून टाकावं. मी वाट बघत उभी राहिले. ह्यांनी कागद घेतला, त्यावर सोलापूरच्या त्या डॉक्टरचं नाव लिहिलं. म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जावा. बोट घालून तपासतील, लाजू नका. आन् त्या वैद्याकडं पाय टाकू नका." सेक्रेटरींनी कागदाची घडी करून आतल्या खिशात घातली. हे दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर सोलापूरला गेले.

सेक्रेटरींना नुसती मूळव्याध निघाली. औषधानं बरी झाली. ते पेढे घेऊन आमच्या घरी आले, ह्यांच्या हातात पुडा दिला, गळ्यात पडले. "तुमी देवमाणूस," म्हणाले. ह्यांना डेअरीवर परत घेण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ह्यांनी एक पेढा खाल्ला. मी घेतला नाही. मला खरोखर मळमळत होतं, आणि या वेळी कुठल्या वासानं नव्हे. पण आणखी एक सांगायला हवं. सेक्रेटरींना कॅन्सर नाही हे कळलं तेव्हा मला क्षणभर वाईट वाटलं होतं. त्याबद्दल मला स्वतःचीच किळस येते, आणि ती कुणापुढं धुवायची सोय नाही.

पुढच्या वर्षी ह्यांचे डोळे पिवळे झाले. त्या वॉर्डात दोन महिने काढल्यानं मला कुणी सांगायची गरज पडली नाही. आजार यकृतात पोचला होता. मुंबईला पुन्हा जायला ते तयार झाले नाहीत. घरीच गेले, सकाळी, मी पिशवी बदलल्यावर. शेवटच्या दिवसांत त्यांना लाज उरली नव्हती. तेवढे दिवस आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो तेवढं आधीच्या सगळ्या संसारात बोललो नव्हतो.

ते गेल्यावर शाळेत पालकांच्या सभेला बायका यायच्या, तेव्हा अभ्यासाचं बोलून झालं की मी हे बोलायला लागले. शौचाला रक्त पडलं, सवय अचानक बदलली, घास अडकायला लागला, वजन उतरायला लागलं, तर दवाखान्यात जा. स्वतःचं असो, नवऱ्याचं असो, सासऱ्याचं असो. पाटी बघून कुठल्या गाळ्यात शिरू नका, आणि बोट घालून तपासा म्हणून स्वतः सांगा.

पहिल्याच सभेत बायकांनी तोंडाला पदर लावले. मागची एकजण "अगं बया, शी!" म्हणून उठून गेली, तिच्यामागं आणखी दोघी. सभा संपल्यावर हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. "बाई, तुमचं दुःख मी समजतो, पण शाळेत असला किळसवाणा विषय नको."

मी म्हटलं, "सर, विषय किळसवाणाच आहे." आणि पुढच्या सभेत पुन्हा तेच बोलले.