मिलिंदला परत आणायला: अंबरनाथ ते चामटोली

मिलिंद ऑर्कुटवर उत्तर देईना, मोबाइलही बंद. शेवटी मीच जायचं ठरवलं. पुण्याच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही दोघं एकाच यंत्रावर काम करायचो. वडील आजारी म्हणून तो घरी गेला आणि परतलाच नाही.

यंत्राचं थोडक्यात सांगते. टेराहर्ट्झ लहरी कागद, प्लॅस्टिक यांतून आरपार जातात. पण एकेक लहर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी लांब, त्यामुळे त्याहून बारीक काही दिसत नाही. म्हणून धातूची टोकदार सुई नमुन्याजवळ न्यायची, अगदी जवळ, पण टेकवायची नाही. मग त्या टोकाएवढं बारीक दिसतं. मिलिंदला ते जमायचं. माझ्या सुया टेकून वाकत होत्या.

सकाळच्या गाडीने कर्जत, तिथून लोकलने अंबरनाथ. पूर्वेला एमआयडीसीची शेअर रिक्षा मिळते. जाणार असाल तर रुमाल ठेवा, आत शिरताच रसायनांच्या वासाने घसा खवखवतो. मिलिंद आता तिथल्या एका कंपनीत कामाला होता; पत्ता एका मित्राने दिला होता. पाळी सुटली आणि मिलिंद राखाडी गणवेशात गेटबाहेर आला.

"तू? इकडे कुठे?"

"तुला न्यायला."

तो हसला नाही. "बस गाडीवर. आधी कॅम्प पाचला जायचंय."

कॅम्प पाच म्हणजे उल्हासनगरातली सिंधी वस्ती. तिथे त्याने वडिलांसाठी हवेची गादी घेतली. शेजारी दाल-पकवान खाल्लं. "बैठो साईं, गरम है," दुकानदार आग्रह करत होता. खरंच चविष्ट होतं, पण मला अर्धंच गेलं.

वाकलेल्या सुयांचं मी सांगितलं. "सुई खाली आणताना घाई करतेस," मिलिंद म्हणाला. "सिग्नल एकदम चढतो ना, तिथेच थांब. अजून जवळ जायचा मोह होतो. नाही जायचं."

बदलापूर ओलांडून चामटोलीला पोचलो. वडिलांचं अर्धं अंग गेलेलं, पाठीला जखमा. मिलिंदने गादीत हवा भरली, त्यांना लहान मुलासारखं उचलून तिच्यावर ठेवलं. ते कण्हत राहिले.

"जय भीम. ये, बस," आई म्हणाली. "पुण्याच्या साहेबांनी धाडलं का तुला? सांग त्यांना, ह्यांचं मी बघीन. पोराला न्या."

"आये, तुझ्याने उचलत नाहीत ते."

ती पदराने नवऱ्याचं तोंड पुसत राहिली. ज्यासाठी आले होते ते मला विचारताच आलं नाही.

बदलापूर स्टेशनवर सोडताना तो म्हणाला, "रिसर्च पेपरात माझं नाव टाकू नको. कुणी आईला वाचून दाखवलं, तर ती रोज विचारेल, कधी जातोस?"

पुण्यात पावसाळी हवेत ओलावा इतका की लहरी वाटेतच विरायच्या. यंत्राभोवतीच्या खोक्यात कोरडा नायट्रोजन सोडून, त्याने सांगितलं तिथे सुई थांबवत मी काम रेटलं. एका संध्याकाळी चित्र आलं: केसाहूनही बारीक धातूच्या रेषा, एकेक वेगळी. लॅबचे सर खूश झाले. पेपर सरांच्या आणि माझ्याच नावाने गेला.

मिलिंदला सांगायला, निघताना त्याने दिलेला घरचा नंबर फिरवला. रिंग वाजायच्या आत ठेवून दिला. त्या वेळी तो वडिलांना कुशीवर वळवत असतो; फोन आईनेच उचलला असता.