सतरा नंबरचा वाकडा पाना

रुग्णालयात तिला सगळे पानेवाली म्हणत. कागदावर मात्र ती मदतनीस. फिटरच्या मागे बॅटरी धरून उभी राहता राहता ती काम शिकली आणि नऊ वर्षांत इथला प्रत्येक पंप त्याच्यापेक्षा जास्त ओळखू लागली. पण कागदाला कुठे डोळे असतात?

त्या दिवशी डायलिसिसच्या खोलीला शुद्ध पाणी देणारा पंप सकाळीच गळायला लागला. सील बदलायचं, म्हणजे चार बोल्ट काढायचे. तीन निघाले. चौथा पंपामागे, भिंत आणि जाड पाइप यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत. फिटरने घाईत दुतोंडी पाना घातला, तो सटकला आणि बोल्टच्या सहापैकी दोन कडा घासून गुळगुळीत झाल्या. अजून एकदा सटकला की भिंत फोडा आणि खोली दोन दिवस बंद ठेवा.

तीन नंबरच्या खुर्चीवर तिची नणंद बसली होती. तापामुळे परवाचं डायलिसिस हुकलेलं, पाय सुजलेले, दोन शब्द बोलली की धाप. सुपरवायझरने तीन ठिकाणी फोन केले. कुठेच जागा नव्हती. नणंद दोन दिवस काढणार नाही, हे पानेवालीला कुणी सांगायची गरज नव्हती.

सुपरवायझरने छिन्नी मारायला सांगितलं. तिने फिटरच्या हातातून हातोडाच काढून घेतला. गोटी पाना, म्हणजे सॉकेट, बोल्टवर बसत होता, पण त्याचा दांडा पाइपला अडायचा. दुतोंडी पाना आत जायचा, पण दोनच कडा धरायचा. सगळ्या कडा धरणार तो रिंग पाना, आणि त्याचा सरळ दांडा भिंतीला थटत होता. मग दांडाच वाकवायचा. तिने स्वतःच्या डब्यातला सतरा नंबरचा पाना काढला, गॅसच्या ज्योतीवर लालभडक केला आणि व्हाइसच्या शिकंज्यात धरून वाकवला.

सुपरवायझर पाण्याची बादली घेऊन आला. "बुडव पटकन. तिकडे माणसं ताटकळलीत."

"माझंही माणूस आहे तिथे, साहेब. बादली बाजूला घ्या."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने असाच तापलेला पाना पाण्यात बुडवला होता. पुढे जोर लावताच तो काचेसारखा तुटला. हनुवटीवर व्रण अजून आहे. तिने पाना तारेला टांगला. निवायला वीस मिनिटं. सुपरवायझर येरझाऱ्या घालत राहिला आणि शेवटी म्हणाला, की हा उशीर रजिस्टरमध्ये तिच्याच नावावर लिहीन.

"लिहा. निदान नाव तरी लागेल."

त्याने खरंच लिहिलं.

मग ती पंपामागे आडवी झाली. गाल पाइपला, हात फटीत. पाना बोल्टवर बसला. जोर लावला, काही नाही. पुन्हा लावला आणि कट्कन आवाज आला. फिटरने डोळे मिटले. पाना गेला की बोल्ट? तिने बोटाने चाचपलं. रिंग जागेवर होती. गंज सुटला होता. बोल्ट बोटभर फिरवायचा, पाना उचलून परत बसवायचा, असं करत करत तो तिच्या तळहातावर आला.

सील बसलं, पंप लागला, पाणी तपासून झालं. तीन नंबरचं मशीन सुरू झालं तेव्हा नणंदेने एक डोळा उघडला.

"किती वेळ लावलास गं, वहिनी."

"पाना निवत होता, वन्सं. पडून राहा."

बाहेर सुपरवायझर रजिस्टर उघडून, उशिराची ओळ खोडायला पेन टेकवून बसला होता. तिने काळाकुट्ट पंजा पानावर ठेवला.

"खोडायचं नाही. दुरुस्ती कुणी केली, तेही त्याच्याखाली लिहा."