खाजनातलं पाणी आणि वरचे साक्षीदार

पेडण्याच्या त्या खाजनाचा, खाडीलगतच्या सखल शेताचा, फुटलेला बांध आठवला, की अजून माझ्या कपाळाला आठी पडते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मानशीचा, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दरवाजाचा, ठेकेदार ठाण्यात आला. बांध फोडलेला, वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, भात खाऱ्या पाण्याखाली.

"सायबा, अख्खो गांव जत्रेक आसलो. एकटो तो सावंतवाडीकडलो गडी घरा उरलो!"

गडी शेतमजूर. आदल्याच दिवशी गावी भावाला पोचवून परतलेला, सुतकात होता, म्हणून देवळात गेला नव्हता. फावड्याला बांधाचा चिखल. "भगदाड बुजवूक गेललंय," म्हणाला. असं सगळेच सांगतात! न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. प्रश्न फिरवून फिरवून विचारले, तरी त्याचं एकच पालुपद: "बाराव्याक सोडा, सायबा. भावाक पिंड घालूक माझ्याशिवाय कोण नाय."

मला ठेकेदारही खटकत होता. रोज चौकशीला हजर, फार उत्साह! पणजीच्या एका कार्यालयातल्या बाई उपग्रहाचे फोटो तपासायच्या, त्यांना गाठलं.

"नेमका त्याच दिवशी उपग्रह वर होता कशावरून?"

"एक नाही, साहेब. लहान लहान पुष्कळ आहेत, रांगेने फिरतात. रोजचा फोटो मिळतो."

माझा कुठला विश्वास बसायला! ठाण्यावर निळे पत्रे कधी चढले ते आधी विचारलं. बाईंनी फोटो बघून बरोबर दिवस सांगितला. मग खाजन बघितलं. जत्रेच्या आदल्या दिवशीच शेतात पाणी, तेही मानशीकडून पसरलेलं. बांधाकडची बाजू कोरडी. त्या दिवशी गडी गावी स्मशानात होता, तिथल्या पोलीस पाटलाने खात्री दिली.

पण फोटोत पाणी दिसतं, मानशीची फळी काढणारा हात दिसत नाही. ते काम माझं. ठेकेदाराला चहा दिला आणि फोटो पुढे सरकवला.

"बांध फुटण्याआधी पाणी आत कसं आलं?"

त्याने कप बशीत ठेवला. "सुंगटां येतलीं म्हणून फळयो काडल्यो. उदक आवरलें ना. मागीर बांध फोडलो." कोळंबीच्या हव्यासापायी मानशी उघडली, आणि ते झाकायला बांध फोडला!

गडी सुटला तेव्हा बारावा दुसऱ्या दिवशी होता. मीच त्याला जीपने हद्दीपर्यंत सोडलं. संशय घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यावा, तक्रार देणाऱ्यावर आणि आकाशातल्या साक्षीदारावरसुद्धा, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

उतरताना तो थांबला. "सायबा, त्या दिसाचो आमच्या गावचोव फोटो असतलो मां? मी पोचलंय तेव्हा चिता पेटलेली. भावाचा तोंड बघूक गावला नाय."

"माणूस दिसत नाही रे त्यात," मी म्हणालो.