तांबड्या पट्ट्याचं चाक

संघात त्याला सगळे पाणक्या म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. निदान तो तसं सांगायचा. काम तेच होतं. शर्यतीत दीडशे-पावणेदोनशे सायकलस्वार एका घोळक्याने धावतात आणि त्यांच्या मागून प्रत्येक संघाची मोटार येते. पाणक्याने मागे सरायचं, मोटारीतून आठ-दहा बाटल्या घ्यायच्या, खिशात, पाठीवर, जर्सीच्या आत गळ्यापर्यंत कोंबायच्या आणि जीव खाऊन पाय मारत पुन्हा पुढे येऊन वाटायच्या. समोरून वारा आला की कप्तानाच्या पुढे व्हायचं. कप्तानाचं चाक पंक्चर झालं की स्वतःचं काढून द्यायचं. पंधरा वर्षं त्याने हे केलं. तेवढ्या काळात कप्तान चार बदलले, पाणक्या बदलला नाही. कप्तान दोन्ही हात वर करून शेवटची रेषा ओलांडत असे तेव्हा हा एक डोंगर मागे असे, आणि आपण जिंकलो हे त्याला इतरांकडून कळे.

घरी फोन केला की बाबांचा प्रश्न ठरलेला.

"कितवा?"

"आमचा कप्तान पहिला आला, बाबा."

"तो येईना का. तू कितवा?"

"मी माझं काम केलं. चोख केलं."

"बरं," असं म्हणून बाबा फोन ताईच्या हातात द्यायचे.

बाबा चाकं बांधायचे. टेकड्या संपून डोंगराचा चढ सुरू होतो त्या गावात, अगदी रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या रिमा, डब्यांमधून मापाप्रमाणे लावलेले आरे, खिडकीपाशी चाक फिरवून बघायचा लोखंडी घोडा आणि तेल पिऊन काळा झालेला बाक. मागच्या दोन खोल्यांत घर. माणसांच्या चेहऱ्यांत त्यांना कधीच रस नव्हता. गिऱ्हाईक दारात आलं की त्यांची नजर आधी खाली जायची आणि चाकावरून ते माणूस ओळखायचे. वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करावं तर त्यांनीच, असं आसपासच्या गावांत बोललं जायचं. आता हात थरथरत होते, काठीशिवाय पाऊल पडत नव्हतं आणि लांबचे चेहरे तर अगदीच पुसट झाले होते. पण दुकान बंद करायचं नाव काढलं की ते ताईच्या अंगावर धावून जायचे.

यंदाची शर्यत पाणक्याची शेवटची होती. आणि नशिबाची गंमत अशी, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शर्यतीचा रस्ता दुकानाच्या दारावरून जाणार होता.

घोळक्यात एक जुनी रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण एरवी एकमेकांच्या नरडीला लागलेले लोकही ती पाळतात. रस्ता कुणाच्या गावातून जात असला, की सगळे वेग कमी करतात आणि त्या गावच्या गड्याला पुढे सोडतात. त्याने एकट्याने पुढे जायचं, दारात थांबून घरच्यांना भेटायचं आणि घोळका आला की गुपचूप त्यात मिसळायचं. तेवढी दोन मिनिटं तो सगळ्या शर्यतीच्या पुढे असतो. खोटं खोटं का होईना, पहिला.

"बाबा, या वेळी मी पहिला येणार," त्याने फोनवर सांगितलं. "आपल्या दारावरून. एकटा."



"खुर्ची बाहेर काढायला सांगतो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी चाक बांधायला घेतलं. पूर्वी एका दुपारचं काम. या वेळी तीन आठवडे लागले. आरे हातातून निसटून पडायचे, ताई उचलून द्यायची, आणि मदत करू का म्हटलं की शिव्या खायची. चाक पुरं झालं तेव्हा बाबांनी मधल्या हबवर तांबड्या रंगाचा जाड पट्टा ओढला. "लांबून कळायला हवं ना," म्हणाले. संघाच्या मॅनेजरने नाक मुरडलं, पण शेवटची शर्यत म्हणून पाणक्याला ते पुढचं चाक लावू दिलं.

त्या सकाळी रस्ता एक टेकडी चढायचा, पलीकडे उतरायचा, पुन्हा चढायचा. पाणक्याला आज पायांचं ओझंच वाटत नव्हतं. समोर डोंगर मोठा मोठा होत गेला, ओळखीची झाडं आली, ओळखीचं वळण आलं. गावाअलीकडच्या पुलाजवळ कप्तान त्याच्या शेजारी आला आणि त्याने पाठीवर थाप मारली.

"जा, पाणक्या. आज तुझा दिवस आहे."

वेग कमी झाला. घोळका फाकला, वाट मिळाली. कुणी शिट्टी वाजवली, कुणी ओरडलं, "म्हाताऱ्याला आमचा नमस्कार सांग!" पाणक्या पुढे निघाला. वीस-पंचवीस हातांचं अंतर पडलं असेल नसेल, तोच मागे फुस्स झालं.

हा आवाज तो झोपेतही ओळखायचा. त्याने वळून पाहिलं. कप्तानाचं पुढचं चाक बसलं होतं आणि हात वर होता. तो हात मागच्या मोटारीसाठी होता. पण पाणक्याच्या अंगात पंधरा वर्षं मुरलेली होती. ब्रेक दाबला गेला, पाय जमिनीवर आला, चाकाचा खटका उघडला, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत बाबांचं चाक त्याच्या हातात होतं.

"अरे, तू जा ना!" कप्तान ओरडला. "गाडी येतेय माझी!"

पाणक्या चाक धरून तसाच उभा राहिला. घोळका दोघांना वळसा घालून पुढे निघून गेला. पुढे जाणाऱ्याला वाट द्यायची रीत आहे. मागे राहिलेल्यासाठी थांबायची नाही. कप्तानाने एकदा गाडीच्या दिशेने पाहिलं, एकदा चाकाकडे.

"आता काढलंच आहेस तर दे."

पाणक्याने चाक बसवून दिलं आणि कमरेला हात लावून कप्तानाला ढकललं, नेहमीसारखंच. मागून मोटार आली. "शाब्बास!" मॅनेजर खिडकीतून ओरडला. "तुला दुसरी गाडी देईल चाक!" मोटार थांबली नाही. संघाची ती दुसरी गाडी दोन टेकड्या मागे, एका पडलेल्या गड्यापाशी अडकली होती.

तिथे उभं राहणं त्याला सहन होईना. कप्तानाचं बसलेलं चाक त्याने आपल्या सायकलला लावलं आणि सायकल ढकलत चढ चालू लागला. बुटांच्या तळव्याची लोखंडी पट्टी रस्त्यावर टकटक वाजत होती. स्वतःच्याच गावात त्याला चोरासारखं वाटत होतं.

लोक पांगायला लागले होते. दोघातिघांनी दयेने टाळ्या वाजवल्या, त्या त्याला शिवीसारख्या लागल्या. दुकानासमोर खुर्ची रिकामी होती आणि काठी रस्त्यावर पडली होती. ताई काठी उचलत होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"आधी सगळे गेले," ती म्हणाली. "तुझा पत्ता नाही. बाबा म्हणाले, येईल, थांब. मग एकटा कुणीतरी आला. मला चेहरा दिसला, तुझा नव्हता, पण मी बोलेपर्यंत बाबा काठी टाकून उभे राहिले. तुझं नाव घेऊन हाका मारल्या रे. त्यानेही हात हलवला. आता सांगितलंय मी त्यांना."

आत बाबा घोड्यापाशी पाठमोरे बसले होते.

"चाक गेलं इथून," ते म्हणाले. "सरळ धावत होतं. जरासुद्धा हलत नव्हतं."

"बाबा, कप्तानाचं पंक्चर झालं."

"त्याने मागितलं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. कप्तानाला नाही कोण म्हणतो? पण चाकाच्या बाबतीत या माणसाशी खोटं बोलायला त्याची जीभ उचलेना.

"नाही. तो जा म्हणत होता. मीच काढून बसलो."

बाबांनी वळून सायकलच्या बसलेल्या चाकाकडे पाहिलं.

"हे त्याचं?"

"हो."

"आण इकडे. परत द्यायचं तर नीट करून द्यायला हवं."

त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि थरथरत्या बोटांनी टायर सोडवायला लागले. पाणक्या खाली बसला आणि एकेक हत्यार पुढे करत राहिला. बाहेर दुसरी गाडी येऊन दोनदा हॉर्न वाजवून गेली. तो उठला नाही.

कितवा, हे बाबांनी त्या दिवशी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.